सम्राटाच्या पाठीवरची गाठ

१६ ऑगस्ट १९८२

काल लातूर जिल्हा झाला. आमचं औसा आता उस्मानाबादचं न्हाई, लातूरचं. तहसीलीपुढं झेंडा, लेकरांना साखरफुटाणे, साहेबलोकांची भाषणं. पाऊस तेवढा कुठल्याच जिल्ह्यात न्हाई. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई धुरपताबाई, म्हणल्या, "जिल्हा बदलून विहिरीला पाणी लागत आसतं तर मी रोज बदलला आसता गं."

संध्याकाळी विहारात बैठक झाली. नरसिंग गुरुजींनी स्वतः नाटक लिवलंय, सम्राट अशोकाचं. ते दसऱ्याला करायचं, अन् वस्तीत न्हाई, गावातल्या मैदानात. गुरुजी म्हणले, "आजवर गाव आपल्याकडं बघायला आलं न्हाई. आपणच जाऊन दाखवू. पण हसं झालं तर पुन्हा वीस वर्षं कोणी उभं करणार न्हाई, एवढं ध्यानात ठेवा."

अशोक कोण? तर आमचे हे. धान्याच्या मोंढ्यात हमाली करतात, छाती दाराएवढी हाय, अन् या टोकाहून हाक मारली की त्या टोकाचा बैल थांबतो. राणी कोण? गुरुजींची भाची पंचशीला. औरंगाबादला शिकली, आता लातूरच्या नव्या कचेरीत नोकरीला लागली, राहायला मामाकडं. रोज एस.टी.नं जाऊन येऊन करणार.

आणि चिलखत? गुरुजींनी माझ्याकडं बोट केलं. मी म्हणलं, "गुरुजी, मी जन्मात झंपराशिवाय काही शिवलं न्हाई." ते म्हणले, "दोन्ही छातीवरच बसवायचं आसतं की, सिंधुबाई." सगळे हसले. ती पंचशीलाबी हसली. दात चांगले हायेत तिचे.

२९ ऑगस्ट

मोंढ्यातल्या बसवराज आप्पाच्या आडतीतून तेलाचे रिकामे डबे अन् फाटका बारदाना आणला. डबे उलगडून, ठोकून सपाट केले. मग पत्र्याच्या पिंपळपानाएवढ्या टिकल्या कापल्या, खिळ्यानं भोकं पाडली अन् बारदान्याच्या बंडीवर ओळीनं शिवल्या. वरची ओळ खालच्या ओळीवर चढवायची, घरावरच्या खापरासारखी. माझी बोटं बघवत न्हाईत.

आज पहिल्यांदा ह्यांच्या अंगात घातलं. हात खाली येईनात. हे दोन्ही हात पसरून उभे, अन् आत्याबाई म्हणल्या, "ह्याला ज्वारीत उभा करा, पाखरं तरी भेतील." मग म्हणल्या, "पण ज्वारी कुठं हाय म्हणा."

माझीच चूक. झंपराचा मुंढा कापला मी, बाईच्या खांद्याचा. उसवून दोन्हीकडं चौबगला, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घातला, काखेतल्या टिकल्या काढून टाकल्या. आता हात खाली येतात. तलवार उपसली की मात्र उजव्या बगलेत चर्र आवाज येतो. ते बघावं लागंल.

७ सप्टेंबर

आज तालीम बघायला गेले. गेले नसते तर बरं झालं आसतं.

शेवटचा प्रवेश आसा हाय. कलिंगची लढाई झाली. मेलेल्या माणसांचा खच पडलाय. अशोक दमून उभा. राणी येती, "नाथ" म्हणती, अन् त्याच्या अंगावरचं चिलखत स्वतःच्या हातानं सोडती. चिलखत खाली पडतं अन् सम्राट म्हणतो, आता लढणार न्हाई.

चिलखताला मी पुढून तीन पट्टे लावलेत, दप्तराच्या बकलांचे. ती पंचशीला एकेक बक्कल सोडत होती. बोटं माझ्या नवऱ्याच्या छातीवर. अन् हे वर बघत उभे, तोंड लाल. नखं आखूड कापलेली, हाताला घड्याळ, टेरीकॉटचं पातळ, अन् दिवसभर एस.टी.त घुसमटून आली तरी अंगाला साबणाचा वास. मी रोजगार हमीवर खडी फोडून आलते. माझ्या अंगाला कशाचा वास आसंल ते मला ठावं हाय.

गुरुजी म्हणले, "सावकाश, पंचशीला, सावकाश सोड. गावाला दिसलं पाहिजे." हाव, दिसू द्या की! सगळ्या औशाला दिसू द्या!

८ सप्टेंबर

झोप आली न्हाई. दुसरं लिवायला काही न्हाई.

१३ सप्टेंबर

ह्यांची रोज नवी तक्रार. परवा मानेला पत्रा टोचतोय. काल पाठीत दाटतंय. आज काखेत काचतंय. मानेची कड दुमडून जुन्या लुगड्याची पट्टी आतून घातली. पाठीला कापडाची कळी जोडली. काखेला टीप मारली. लगेच म्हणले, "आता कमरेत जरा बघ की."

एरवी बनियनला भोक पडलं तरी ह्या माणसाला पत्ता नसतो. आता कमरेत बघ! तालीम सुटली की दोघं विहारापुढच्या लिंबाखाली उभं राहून हळू हळू बोलतात, ते बी मी बघितलंय. म्हटलं, कोणासाठी एवढं नटायचं चाललंय ते काय मला कळत न्हाई का? बोलले न्हाई. सुई तोंडात धरली होती.

टाचण्या लावताना अर्धा-अर्धा घंटा मुकाट उभे राहतात. हलत न्हाईत. मी भोवती फिरते. श्वास सुद्धा जपून घेतात. एकदा विचारलं, "झालं का?" तर म्हणले, "सावकाश होऊ दे." तालमीतला शब्द घरी घेऊन आले.

आमच्यात बोलणं तसं गेल्या सालच्या उन्हाळ्यापासून बंदच हाय. आठव्या महिन्यात लेकरू गेलं पोटातच. पोरगी होती. ह्यांनी फडक्यात गुंडाळून काखेत घेतली, गेले, आले, हातपाय धुतले, अन् मला म्हणले, "पाणी दे प्यायला." बस. त्या दिवसापासून आजपर्यंत तिच्याबद्दल एक शब्द न्हाई. डोळ्यात टिपूस न्हाई. मी आत्याबाईपाशी अंथरूण घालायला लागले ते तेव्हापासून. दगडापाशी कोण निजंल?

२२ सप्टेंबर

आज मी चिलखताची बकलं काढून टाकली. पुढची बाजू बंद शिवली, सगळ्या टिकल्या अखंड. उघडायची जागा पाठीमागं नेली. दोन्ही कडांना भोकं अन् त्यातून सुतळी, वरून खालपर्यंत. खाली गाठ.

गुरुजींना सांगितलं, "पुढून फट पडते, छाती नीट बसत न्हाई. मागून ओढलं की अंगाबरोबर बसतंय." हे खोटं बी न्हाई. खरंच लई नामी बसलं. आप्पा बघायला आलते, ते म्हणले, "भुजंगा, आता तू खरा राजा दिसतोस, पोतं उचलायला तुला सांगावं कसं?"

गुरुजी विचारात पडले. "पण मग राणीनं सोडायचं कसं?"

 मनात म्हणलं, नका सोडू. विंगेत पाठवा, मी सोडते.

तर ती पंचशीला काय म्हणावी! "मामा, हे तर लई छान झालं. मी मागं उभी राहून सोडीन. समोर ह्यांचा चेहरा लोकांना पूर्ण दिसंल. वहिनी, तुम्हाला नाटकातलं बरंच कळतंय." अन् माझा हात धरला. आता मागून गळ्याशी येणार ती! मीच वाट करून दिली. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा.

३ ऑक्टोबर

चिलखत ढिलं झालं. दोन बोटं आत जातात. पाठीच्या कडा एकमेकांवर चढायला लागल्या. सगळा मधला पट्टा उसवून दोन ओळी काढल्या, पुन्हा शिवलं. तलवारबाजीत निखळलेल्या टिकल्या आता तारेनं ओवल्यात, सुताचा भरवसा न्हाई.

हे वाळून राहिलेत. अर्धी भाकर खातात अन् "भूक न्हाई" म्हणून ताट माझ्याकडं सरकवतात. चंद्रमुखी राणी भेटल्यावर भूक कशाला लागंल? आत्याबाईंना म्हणलं तसं. त्या म्हणल्या, "मोंढ्यात पोतं येत न्हाई, तो बी आता खडीवर जातोय. कणगीत हात घालून बघितलास का कधी?" त्यांना काय, लेकाची बाजू घेणारच.

१७ ऑक्टोबर

आज ती घरी आली.

रविवार होता. सुतळीची गाठ शिकायला आली म्हणे. मी चिलखत खुंटीवर टांगलं अन् दाखवलं. सुरगाठ हाय, हे टोक ओढायचं, झटक्यात सुटती. तिला एका दमात जमलं. हुशार हाय, न्हाई कशाला म्हणू.

चहा घेतला. गूळ नव्हता, तसाच प्याली, तोंड वाकडं केलं न्हाई. मग हळूच म्हणली, "वहिनी, लातूरच्या दवाखान्यात माझी मैत्रीण नर्स हाय. बाई डॉक्टर हायेत तिथं, समजून घेणाऱ्या. एक दिवस चला माझ्यासंगं. भुजंगदादाच म्हणत होते. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून तुम्ही नीट जेवत न्हाई, झोपत न्हाई..."

 म्हणजे लिंबाखाली उभं राहून हळू हळू जे चालायचं ते हे! माझ्या पोरीचं. जे माझ्यापाशी एकदा सुद्धा निघालं न्हाई ह्यांच्या तोंडून, ते तिच्यापाशी निघालं. तिच्यापाशी! पातळ नेसून मिरवायला, हसायला ती हाय तर हाय, पण माझी पोरगी बी तिलाच द्यावी का?

मी म्हणलं, "आमच्या घरचं आम्ही बघू, ताई. तुमची बस चुकंल." रविवारी कसली बस? तिला बी ते कळलं. जयभीम करून गेली.

२७ ऑक्टोबर, सकाळ

आज नाटक. मैदानात तट्टे बांधलेत, नगराध्यक्ष येणार, आप्पा पहिल्या रांगेत.

चिलखत मीच घालणार, पाठ मीच आवळणार. अन् आज सुरगाठ बांधणार न्हाई. निरगाठ बांधणार, सुतळी ओली करून, मोंढ्यातल्या पोत्यासारखी. आखूड नखाच्या बोटांना ती सात जन्म सुटायची न्हाई. बघू दे सगळ्या गावाला, ह्या माणसाची गाठ कोणाच्या हातची हाय.

२८ ऑक्टोबर

सगळं लिवते. 

दिवेलागणीलाच सुरू केलं, वीज जायच्या आत. मैदान भरलं होतं. आपले लोक खाली पुढं, गावातले बाकड्यांवर. बायका सुद्धा आल्या होत्या. आत्याबाई मधोमध बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून.

विंगेत ह्यांच्या पाठीमागं उभी राहून मी सुतळी ओढली. पाण्याचा हात फिरवला. गाठ मारली, पुन्हा मारली. हे काही बोलले न्हाईत. फक्त एकदा मान जराशी मागं वळवली, अन् पुन्हा सरळ केली.

पहिले दोन अंक आसे झाले की काय सांगू! चिलखत दिव्यात झगमगायचं. तलवार उपसली तरी चर्र न्हाई की खर्र न्हाई. आप्पा उभे राहून टाळ्या वाजवत होते. गुरुजी विंगेत पुस्तक छातीशी धरून रडत होते. मला पहिल्यांदा वाटलं, अगं बाई, हे मी काय करून ठेवलंय?

शेवटचा प्रवेश आला. जमिनीवर पोरं मेलेली पडली. पंचशीला आली. "नाथ" म्हणली. पाठीमागं गेली, टोक ओढलं. सुटंना. दुसरं ओढलं. आणखी आवळली. घामानं सुतळी फुगली होती, तिचा दगड झाला होता. तिनं नखं घातली. हे तसेच उभे. गुरुजी आतून "पुढचं बोल, पुढचं बोल" म्हणत होते, पण पुढचं वाक्य चिलखत पडल्यावरचं हाय. चिलखत पडंना तर सम्राट लढाई सोडणार कशी?

बाकड्यांवरून कोणीतरी ओरडलं, "सम्राट, कात्री आणू का?" हशा पिकला. मग दुसरा, "पत्र्याच्या डब्याला झाकण सापडंना!" मेलेली पोरं बी डोळे उघडून बघायला लागली. आपले लोक खाली माना घालून बसले. एक म्हातारा उठून चालायला लागला. पंचशीलाचे डोळे भरले, बोटातून रक्त येत होतं, पण तिनं गाठ सोडली न्हाई. ओढतच होती बिचारी.

अन् गुरुजी. पुस्तक मिटून खाली बसले. वीस वर्षं म्हणले होते ना, ते त्यांच्या तोंडावर दिसलं मला.

मी कधी निघाले ते आठवत न्हाई. अंगावर घरचंच लुगडं, पायात काही न्हाई. मेलेल्या पोरांच्या मधून चालत गेले. लोकांचा आवाज खाली आला. कोण ही, नाटकातलीच का? पंचशीला माझ्याकडं बघून बाजूला सरली, अन् तिनं हात जोडले, मी नाटकातलीच आसल्यागत.

नखानं सुटणारी गाठ नव्हतीच ती. मी ह्यांच्या पाठीशी वाकले अन् दात लावले. माझं कपाळ ह्यांच्या पाठीवर टेकलं, पत्र्यावर. किती दिवसांनी. सुतळीची अन् घामाची चव तोंडात. लोकांना वाटलं बाई पाठीवर डोकं टेकून रडून राहिली. मैदान शांत झालं. इतकं शांत की पलीकडच्या रस्त्यावरची बैलगाडी ऐकू आली.

गाठ सुटली. मी भोकांतून सुतळी ओढून काढली अन् चिलखत खाली पडलं. केवढ्यानं वाजलं!

हे वळले. बनियन भिजलेलं, अन् खांद्यावर दोन्हीकडं पत्र्यानं कापलेलं. जुन्या खपल्या अन् वर नवं रक्त. ह्या जागेची तक्रार कधीच केली न्हाई. बाकी सगळीकडं टोचत होतं, इथं मात्र न्हाई म्हणे.

माझ्याकडं बघितलं. गुरुजींचं वाक्य होतं, "प्रिये, आजपासून हे शस्त्र..." ते म्हणले न्हाईत. मोंढाभर पोचणारा आवाज, पण एवढासा झाला. म्हणले, "बाई, तुझं कोण गेलं?"

 खरं तेच तोंडातून निघालं. "माझी पोरगी."

आणि हा माणूस खाली बसला. गुडघ्यावर न्हाई, सम्राटासारखा न्हाई. पोतं पडावं तसा. माझ्या पायापाशी. अन् रडला. दीड वर्षाचं रडला, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, सगळ्या औशासमोर. नवरा बायकोच्या पाया पडतोय हे आत्याबाई बघून राहिल्या होत्या, अन् त्या पदर तोंडात कोंबून डोलत होत्या. मी तिथंच बसले. डोकं मांडीवर घेतलं. कोण बघतंय त्याची शुद्ध नव्हती मला.

पडदा गुरुजींनीच ओढला आसंल. टाळ्या झाल्या म्हणे. आप्पा आत आले अन् ह्यांच्या खांद्यावरचं रक्त आपल्या उपरण्यानं टिपलं.

पंचशीलानं मला गच्च मिठी मारली. "वहिनी, तुम्हीच भाव खाऊन गेलात." तिचं एक नख मुळापासून गेलंय. सगळे म्हणत होते, घामानं गाठ आवळली, काय करणार. मी गप बसले. घरून हळद आणून तिच्या बोटाला बांधली, तेवढंच. साबणाचा वास अजून येतच होता तिच्या अंगाला. अजून जळतेच मी. कोणता साबण ते एकदा विचारावं म्हणते.

३० ऑक्टोबर

गुरुजी आलते. लातूरला नव्या जिल्ह्याच्या कार्यक्रमात नाटक करायचंय. कलिंगची बाई आता पुस्तकात लिवणार म्हणाले, अन् ती मीच करायची. मी म्हणलं, रोज दातानं सोडायला दात कुठून आणू? ते म्हणले, बकलं लावा. पाठीमागं.

दुपारी चिलखत मांडीवर घेऊन खांद्याच्या आत कापूस घालत होते. हे खडीवरून आले, समोर बसले. तक्रार काही न्हाई आज. चिलखत अंगात बी न्हाई. तरी बसले.

म्हणले, "मला कळलं होतं."

"काय?"

"निरगाठ. जन्मभर पोती बांधली मी, सिंधु. पाठीवरून कळतंय."

माझी सुई थांबली. म्हणलं, "मग बोलला का न्हाई तिथंच? एवढं हसं झालं नसतं."

"म्हणलं, सोडायला तूच येशील."

 आत्याबाई उगाच घागर घेऊन बाहेर गेल्या. हापशावर पाणी दुपारी येत न्हाई, हे त्यांनाच जास्त ठावं.

मग हे म्हणले, "ती कुठं हाय ते तुला दाखवलंच न्हाई मी. ओढ्याच्या वरच्या अंगाला, बाभळीपाशी. मी जात आसतो. मोंढ्यातून येताना." अन् खाली बघत, "नाव काय ठेवलं आसतंस?"

मी सांगितलं. ह्यांनी दोनदा म्हणून बघितलं, हळू. इथं लिवत न्हाई. दोघांनाच ठावं हाय, तेवढं पुरे.